सळईवरचे तीन ठसे

१

सळई अशी तुटते होय? वत्सला विशे तुकडा हातात घेऊन नुसती बघत राहिली. तिचा जन्म गेला मोडक्या वस्तू तपासण्यात. शहापुरात तिची धातू तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. कुठे पंपाचा दांडा मोडो की क्रेनचा आकडा निखळो, विमावाले तिलाच बोलावणार. पण असला तुकडा तिनंही पाहिला नव्हता. अंगठ्याहून जाड सळई, आणि मोडली कशी, तर खडीसाखर मोडावी तशी! सपाट, चकचकीत. कुठे ताण खाल्ल्याची खूण नाही की बारीक झालेली मान नाही.

"अगं आई गं," ती स्वतःशीच म्हणाली.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला गिरिजा अलॉइज हा कारखाना झिर्कोनियमच्या वस्तू बनवायचा. झिर्कोनियम म्हणजे भारी नखरेल धातू. पण ज्या आम्लात लोखंड विरघळून जातं त्यात हा मजेत बसतो. एका रसायन कंपनीच्या टाकीचं झाकण आवळून धरायला त्याच्या आठ सळया बनवल्या होत्या. काल झाकण लावलं, टाकीत पाणी भरलं, दाब चढवायला घेतला. तो अर्ध्यावरही गेला नसेल, तेवढ्यात एक सळई ताडकन तुटली. तिचं डोकं उडालं आणि दाबाच्या काट्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या, रघूच्या छातीत बसलं. लग्नाला आलेला गडी, हू की चू न करता गेला.

वत्सलानं ते डोकं उचलून उजेडात धरलं. वरच्या बाजूला बारीक टिंबांएवढे तीन खळगे होते, एकाशेजारी एक. धातूचा कडकपणा मोजायच्या यंत्राचे ठसे. तिनं ते पाहिले आणि तुकडा फडक्यात गुंडाळला.

फाटकाशी रघूची आई बसली होती. सकुबाई. याच कारखान्यात झाडलोट करायची. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते आणि आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जात होता.

"जगननं मारला माज्या रघूला! भट्टीवाल्या जगननं! लटकवा त्याला!"

"तिचं खोटं नाही," मॅनेजर कुंडलिक सासे शेजारी येऊन हळूच म्हणाला. वीस वर्षं धातूच्या धंद्यात मुरलेला माणूस, इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. "म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत पहिल्याच दिवशी एका बैलावरून दोघांची जुंपली होती. सगळ्या गावानं बघितलंय. जगननं सळया तापवल्या, पण पाण्यात बुडवल्याच नाहीत. भट्टीतच गार व्हायला सोडल्या आणि हा पुन्हा गेला जत्रेला. सळया कच्च्या राहिल्या. आता मुद्दाम केलं की आळसानं, ते पोलिसांनी बघावं."

फौजदार गोजर मिशीवरून हात फिरवत सगळं ऐकत होते. त्यांनी वत्सलाला बाजूला घेतलं.

"बाई, पोराला मी चौकीत बसवलाय तो कोंडायला नाही, वाचवायला. काल लोक काठ्या घेऊन त्याच्या वाडीवर निघाले होते. पण आज मॅनेजरची फिर्याद लिहून घेतली की माझ्याही हातात काही राहत नाही. दिवस मावळायच्या आत सांगा, त्यानं केलं की नाही?"

२

चौकीच्या पायरीवर जगनची बायको ठकी बसली होती. वाडीवरून चालत आलेली, पायावर धूळ. वत्सलाला पाहून ती उभी राहिली, पण बोलली काही नाही. तिला ओलांडून आत जाताना वत्सलालाच अपराध्यासारखं वाटलं.

जगन भिंतीला टेकून बसला होता.

"पाण्यात टाकल्या होत्यास का रे?" वत्सलानं सरळच विचारलं.

"टाकल्या ना बाय! पिवळ्याधमक झाल्या तवा एकेक करून टाकल्या. पानी किती वरडतं ते म्हाईत हाय ना तुमाला? मंग दुसऱ्या भट्टीत चारशे डिग्रीवर ठेवल्या, दिवसभर. सायबानं शिकवलंय तसंच. त्ये झाल्यावरच परत जत्रेला गेलो."

"आणि बैल?"

"बैल त्यानंच घेतला. शिव्या दिल्या मी, खोटं कशाला बोलू? पर मंग त्यानंच मला जेवाय बसवला. एकाच ताटात मटन खाल्लं आमी."  त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "बाय, माज्या हातून काय चुकलं असंल तर सांगा. मला कालपासनं त्येच कळंना झालंय."

वत्सला त्याच्यासमोर मांडी घालून बसली. गोजरही दाराशी टेकले. वत्सलाला एक सवय होती; धातूबद्दल बोलायला लागली की ती चूल-पोळपाटाच्या भाषेत यायची.

"हे बघ, हा धातू गार असतो तेव्हा त्याचे कण एका रीतीनं बसलेले असतात. तू तो पिवळाधमक करतोस तेव्हा ते उठून दुसऱ्या रीतीनं बसतात. मग हळूहळू गार केलास तर सावकाश घरी परततात आणि आत जाडजाड पट्ट्या पडतात. धातू मऊ होतो. पाण्यात बुडवलास की परतायला वेळच मिळत नाही. आत बारीक सुयांची दाट वीण पडते आणि सळईला बळ येतं. त्यात थोडा नायोबियम धातू मिसळलेला असतो, तो या कामाला मदत करतो. मग तू चारशेवर ठेवतोस, तेव्हा आतला ताण निघून जातो."

"मंग?"

"मग असं, की तू बुडवली नसतीस तर सळई मऊ राहिली असती. मऊ सळई तुटायच्या आधी लांबते, मधे बारीक होते. मळलेली कणीक ओढून बघ, तशी. झाकण गळायला लागलं असतं, पाणी उडालं असतं, रघू चार पावलं मागे सरला असता." तिनं फडकं सोडून तुकडा गोजरांच्या पुढे धरला. "ही लांबली का कुठे? बोट फिरवून बघा."

गोजरांनी बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"म्हणजे मॅनेजर म्हणतो ते..."

"ते होऊच शकत नाही. आणि वीस वर्षं या धंद्यात काढलेल्याला एवढं कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही."

जगन आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. "माजं काय चुकलं नाय म्हनता," तो म्हणाला, "मंग रघू मेला कशानं, बाय?"

३

"मग धातूच खोटा आला असेल!" कुंडलिक सासेनं क्षणात कूस बदलली. "जगननं केलं नसेल तर भावेशला विचारा. गोदाम त्याच्या ताब्यात असतं."

घ्या! तासाभरापूर्वी हा माणूस जगनच्या नावानं खडे फोडत होता. माणसं बोट कुणाकडे दाखवतात त्यापेक्षा किती चटकन फिरवतात याकडे वत्सलाचं लक्ष असायचं.

भावेश कल्याणहून रोज जीपनं येणारा, तोंडानं फाटका. "मॅडम, अपुन को क्या पडी है? आठ सळयांचा माल मागितला, मी लाल तोंडाचे आठ दांडे मोजून दिले. कापले, आटे पाडले, मग भट्टीत गेले. खल्लास."

"लाल तोंडाचे म्हणजे?"

"आपल्याकडे दोन जातीचा माल असतो. दिसायला सेम टू सेम, म्हणून तोंडाला रंग मारतो. लाल म्हणजे नायोबियम कमी, शंभरात अडीच. टाकीच्या सळयांना तोच. पिवळा म्हणजे नायोबियम लय जास्त, शंभरात वीस. त्याच्या मऊ स्प्रिंगा बनवतो. तो फक्त पाण्यात बुडवायचा, पुढे भट्टी नाय. पण तो माल दिवाळीच्या आधीच संपला. तुमीच बघा, एक तरी पिवळं दिसतंय का?"

मांडणीवर दांड्यांची तोंडं ओळीनं दिसत होती. सगळी लालसर, मळकट. वर झेंडूची वाळून काळी पडलेली माळ लोंबत होती.

आता वत्सलाच्या डोक्यात सरळ हिशेब होता. भावेशनं भेसळीचा स्वस्त माल घातला असेल, तर जगननं कितीही नीट बुडवला तरी तो बळ धरणार नाही, ठिसूळच राहील. तिनं सासेकडून कडकपणा मोजायच्या यंत्राची किल्ली मागितली. ती त्याच्याच खिशात असायची. देताना त्यानं उगाच दोनदा विचारलं, "गरज आहे का?"

तिनं तुटलेलं डोकं यंत्राखाली ठेवलं. काटा चढला, चढतच गेला आणि जिथे थांबायला हवा होता तिथून कितीतरी पुढे जाऊन थांबला.  हलका माल कसला? ही सळई पाहिजे त्यापेक्षा दीडपट कडक होती! न तुटलेल्या सात सळयांवर पाहिलं तर काटा बरोब्बर जागेवर. त्या सातांच्या डोक्यावर कारखान्याच्या तपासणीचा एकेकच ठसा होता.

दुपारी शहापुरातून तिच्या मदतनिसाचा फोन आला. सकाळीच तिनं जीपवाल्याच्या हाती तुकड्याचा कीस पाठवला होता.

"मॅडम, मशीन दोनदा चालवलं. नायोबियम वीस टक्के येतोय. बरोबर आहे का हे?"

भावेश समोरच उभा होता. ते ऐकून त्याची सगळी मस्ती उतरली. तो पोत्यावर मटकन बसला.

"वीस? पिवळा माल? अहो मॅडम, तो तर लालपेक्षा महाग आहे. मी चोरी केली असती तर महागाचा माल दिला असता का?"

"नसता दिलास," वत्सला म्हणाली. "पितळ म्हणून सोनं विकणारा चोर मी अजून पाहिला नाही."

"पण महागाचा माल तुटला कसा?" मागे उभे असलेले गोजर वैतागले.

"जगननं सगळं नीट केलं म्हणूनच तुटला." वत्सला म्हणाली. "वीस टक्के नायोबियमचा दांडा पाण्यात बुडवला की मऊ, लवचीक राहतो. पण तोच चारशेवर दिवसभर ठेवला की आत एक वेगळीच बारीक कणी धरते. डोळ्याला दिसत नाही, पण धातूला जागचं हलू देत नाही. तो कडक होतो आणि काचेइतका ठिसूळ. लाल मालाला जे औषध, तेच पिवळ्याला विष. आणि हे जगनला कळणार कसं? आटे पाडताना रंगाचं टोकच कापलं गेलेलं."

"पण मी लालच दिला होता!" भावेश जवळजवळ ओरडला. "आईची शपथ, तोंड लाल होतं!"

४

वत्सलानं मांडणीवरच्या एका दांड्याच्या तोंडावर नख फिरवलं. लाल थर सुटला, मऊसर, तेलकट. सुकलेल्या रंगाला तेल कुठून येणार? तिनं खिशातली पट्टी काढून खरवडलं. पहिल्या दांड्याला लालाखाली लालच रंग निघाला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला खरवडलं आणि भावेशच्या तोंडून शिवीच निघाली.

खाली पिवळा होता. हळदीसारखा पिवळाजर्द.

खाली वाकून पुढचे सगळे दांडे तपासले, तर आणखीही पिवळे निघाले. म्हणजे माल संपलाच नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता. थरात तांदळाचा एक दाणा चिकटलेला होता. वत्सलानं बोट नाकाशी नेलं.

"शेंदूर," ती म्हणाली. "तेलात कालवलेला शेंदूर. भावेश, दसऱ्याला इथे पूजा असते?"

"असते ना. खंडेनवमीला मशिनी धुतो, फुलं वाहतो, नारळ फोडतो. पण शेंदूर आम्ही फक्त भट्टीच्या दाराला लावतो, बोटभर. इकडे कोण कशाला..." बोलता बोलता तो थांबला. तोंड उघडं ते उघडंच.

"कुणी लावला?"

"मॅडम, जाऊ द्या ना."

"भावेश!"

"गेल्या पावसाळ्यात या मांडणीवरून दांडा घसरून रघूच्या पायावर पडला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "महिनाभर लंगडत होता. तेव्हापासून त्याची आई म्हणायची, ह्या सळया माझ्या पोरावर रुसल्यात. यांना देवासारखं शांत केलं पाहिजे. खंडेनवमीला तिनं वाटीभर शेंदूर कालवून आणला. एकेका तोंडाला लावत होती आणि हात जोडत होती. मी बघितलं पण. मी हसलो, मॅडम. म्हटलं, लाव मावशी लाव, तुझ्या पोराला सांभाळतील."

गोजरांनी टोपी काढली.  गावदेवाच्या दगडाला शेंदूर फासणारी ती बाई. तिला ठाऊक काय, की त्या तोंडावरचा रंग म्हणजे सळईची जात आहे? मुलगा वाचावा म्हणून तिनं हात फिरवला आणि त्याच हाताखाली लाल-पिवळं एक झालं.  फाटकावरून सकुबाईचा आवाज अजूनही येत होता, जगनला लटकवा, जगनला लटकवा.

"हे मी तिला सांगू?" गोजर पुटपुटले. "फौजदारकी गेली खड्ड्यात, मला नाही जमायचं."

वत्सला मात्र सासेच्या खोलीकडे चालू लागली. तिला आत्ता कुठे ते तीन ठसे आठवले होते.

५

"सासेसाहेब, माझे सोडले तर सात सळयांवर एकेक ठसा आहे. तुटलेलीवर तीन. असं का?"

कुंडलिक सासे चहा ओतत होता. "असेल. कुणी जास्त तपासलं असेल."

"कुणी म्हणजे? किल्ली तुमच्या खिशात असते. माणूस एकच सळई तीनदा कधी तपासतो, सांगू? पहिल्यांदा काटा दिसतो त्यावर विश्वास बसत नाही तेव्हा. दुसऱ्यांदा तोच आकडा आला की घाम फुटतो. आणि तिसऱ्यांदा उगाच देवाचं नाव घेऊन बघतो." ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "ही सळई चुकीच्या धातूची आहे हे तुम्हाला परवाच कळलं होतं."

"कडक आली होती. कडक म्हणजे मजबूतच की!"

"हे जगन म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. वीस वर्षं धातू हाताळलेल्या माणसाला कडक आणि मजबूत यातला फरक मी शिकवायचा? खापरी पण कडक असते, साहेब. टाकीचं झाकण आवळता का तिनं?"

सासे बशीत चहा ओततच राहिला. बशीतला चहा टेबलावर सांडला तरी त्याला कळलं नाही.

"टाकी कालच द्यायची होती," शेवटी तो बोलला. "नवी सळई करायची म्हणजे पुन्हा भट्टी, पुन्हा सगळं. मला वाटलं, दाब अर्ध्यावरच ठेवू. एवढ्यावर टिकेल. एकदा टाकी फाटकाबाहेर पडली की..."

"की मग तिकडे दुसरा कुणी मेला असता," गोजर दारातून म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं गोळा झाली. "अरे, त्याला लांब तरी उभं करायचंस! तुला माहीत होतं आणि पोराला सळईसमोर उभं केलंस? वर त्या गरिबाच्या गळ्यात फास अडकवायला निघालास!"

सासेच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. त्याला धरून बाहेर काढलं, तेव्हा काल काठ्या घेऊन वाडीवर निघालेली तीच माणसं मुकाट बाजूला सरली. कुणाची वर बघायची छाती होईना.

६

चौकीतून सुटल्यावर जगननं घरचा रस्ता धरावा की नाही? पण नाही. म्हणाला, आधी मावशीकडे जातो. वत्सला आणि गोजरही निघाले. ठकी बरीच मागून येत होती.

सकुबाईला सासेचं कळलं होतं. ती ओटीवर बसली होती, आजूबाजूला दोन-चार बाया. जगनला पाहून तिनं मान खाली घातली.

"तुला लय बोलले रे मी."

"असू दे, मावशे."

मग ती वत्सलाकडे वळली. शेवटी आईच ती. तिला सगळं माहीत पाहिजे होतं.

"बाय, त्या सासेनं सळई वळखली नि गप ऱ्हायला, त्ये कळलं. पर ती दुसऱ्या जातीची सळई आली कुठनं? भावेशला इचारलं तर तो तोंड फिरवून पळाला. कुनी मिसळली?"

वत्सलानं आयुष्यात तपासणीचं एक अक्षर फिरवलं नव्हतं. विमावाल्यांनी दडपण आणलं तरी नाही. आणि आता ती बाई सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती. खरं सांगावं तर ही बाई आजच मेली. खोटं बोलावं तर कुणाचं नाव घ्यावं? गोजर छपराकडे बघू लागले.

"मीच मिसळली, मावशे," जगन म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"गोदामातनं दांडे आनताना हात चुकला माजा. पिवळा उचलला, बगितलाच नाय. सायबाचा गुन्हा हायेच, पर पयली चूक माजी."

वत्सला थिजली. अरे, आत्ता, अर्ध्या तासापूर्वी तुझं नाव धुऊन निघालं! सगळ्या गावादेखत निघालं! चौकीतून येताना वाटेत गोजरांनी त्याला शेंदराची हकिगत सांगितली होती, तेव्हा तो एक शब्द बोलला नव्हता. तेव्हाच याचं ठरलं असणार.

सकुबाई उठली. तिनं जगनच्या थोबाडीत दिली. मग आणखी एक दिली, आणि आणखी एक. तो हलला नाही. हात थकल्यावर ती त्याच्याच सदऱ्याला धरून खाली बसली, आणि कालपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे एकदम वाहायला लागले. ती हंबरडा फोडून रडली. बाया तिला धरायला धावल्या. जगन तिच्याजवळ उकिडवा बसून राहिला.

वत्सला अंगणात आली. गोजर तिच्या मागोमाग आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या अहवालात?"

"अहवालात खरं तेच जाईल. शेंदूरही जाईल, जगन निर्दोष हेही जाईल. तुम्ही तो तुमच्या कोर्टात दाखवा. या ओटीवर तो वाचायला मी येणार नाही."

कुडापाशी ठकी उभी होती. आतलं सगळं तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाय," ती म्हणाली. आज दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज निघाला. "ह्यो काय बोलला? खरं हाय ह्ये?"

"नाय गो," वत्सला म्हणाली. "त्यानं काहीच केलेलं नाही."

"मंग आता लोकं ह्यालाच बोलतील. पानवठ्यावर, बाजारात. माज्या पोरांना बोलतील."

"बोलतील."

ठकीनं एकदा ओटीकडे बघितलं. मग तिनं पदर खोचला, आत गेली, आणि सकुबाईला पाणी पाजायला चुलीजवळचा तांब्या शोधू लागली.